गोल फोटोत नानांची जागा

बाजारात भरताची वांगी दिसायला लागली की मी बाकीची भाजी विसरते. हिरवी, अंगावर पांढुरक्या रेघा असलेली, चांगली हातभर लांब वांगी. उचलून बघायची आणि हलकी लागली तरच पिशवीत टाकायची, कारण जड वांग्यात बिया फार. यंदाही पहिल्याच बाजाराला मी दोन्ही हातांत वांगी धरून तोलत उभी राहिले, तेव्हा भाजीवाली म्हणाली, "काय व ताई, सोनं ली राहिनी का वांगं?" त्याच संध्याकाळी शेजारच्या गच्चीवर कोणीतरी कपाशीच्या वाळक्या काड्यांचा जाळ केला आणि धूर आमच्या गॅलरीत आला. जळगावात हिवाळा असाच येतो. आधी नाकाला कळतो, मग स्वेटर निघतात.

पूर्वी या धुरासरशी मला नुसती भूक लागायची. मागच्या हिवाळ्यापासून भूक लागते आणि एक फोटो बघावासा वाटतो. माझ्या कामातला तो सगळ्यात चुकलेला फोटो आहे.

माझं काम म्हणजे गोल फोटो काढणं. मंगल कार्यालयं, कपड्यांची दुकानं, शाळा, विकायला काढलेले फ्लॅट. मोबाइलवर फोटो उघडायचा आणि जिकडे वळाल तिकडचं दिसतं. पुढे, मागे, वर छत, खाली फरशी. त्यासाठी ट्रायपॉड मधोमध रोवायचा, कॅमेरा जागच्या जागी थोडा थोडा फिरवत चहूकडचे फोटो घ्यायचे, एक आभाळाचा घ्यायचा, आणि शेवटी ट्रायपॉड बाजूला करून पायाखालच्या जमिनीचा एक. मग हे सगळे तुकडे संगणकावर एकमेकांना जोडायचे. या फोटोत लपायला जागा नसते. दुसरे फोटोग्राफर कॅमेऱ्याच्या मागे उभे राहतात, माझ्या फोटोला 'मागे' असं काही नसतंच. म्हणून कॅमेरा फिरतो तशी मीही त्याच्या पाठीमागून गोल सरकत राहते. दिवसभर एखाद्या लॉनवर असं केलं की बघणाऱ्यांना वाटतं, बाईंचा काहीतरी नवस असावा.

तुकडे जोडण्याचं काम रफिकभाईंचं. त्यांचे वडील टेलर होते, आणि रफिकभाईही लहानपणी मशीनवर बसलेले. त्यामुळे आमच्या ऑफिसात फोटो जोडत नाहीत, शिवतात. प्रत्येक फोटोत मागच्या फोटोचा थोडा भाग परत यावा लागतो, नाहीतर जोड बसत नाही. हे मला त्यांनी एका वाक्यात शिकवलं होतं. "ताई, शिलाईत जाणारं कापड सोडलं नाही, तर मशीन तरी काय करणार?" टाका दिसला तर कारागीर कच्चा, असं त्यांचं मत. खालचा जमिनीचा तुकडा ते इतका साफ करतात, की तिथे कधी काही उभं होतं याचा कोणाला संशयसुद्धा येऊ नये. सिगारेटची थोटकं, केळीची सालं, माझी सावली, सगळं जातं.

आता नाना. नाना म्हणजे माझे मोठे मामा. एरंडोलच्या अलीकडे त्यांचा मळा आहे. विहीर, विहिरीजवळ निंब, पलीकडे कपाशी, आणि घरच्यापुरती म्हणून लावलेली, पण निम्म्या गावाला पुरणारी भरताची वांगी. दर हिवाळ्यात सगळ्या भाचरांना मळ्यात बोलावणं असतं. कपाशीच्या काड्यांचा जाळ, त्यात वांगी, आणि जाळाशेजारी गोणपाटाची घडी टाकून बसलेले नाना. आम्ही सगळे त्यांच्याभोवती गोल करून. वांगं कधी फिरवायचं, कधी काढायचं, साल कोणी सोलायची, याचा अधिकार दुसऱ्या कोणाला नव्हता. भाजलेलं वांगं मामी लाकडाच्या बडगीत हिरव्या मिरच्या आणि लसणाबरोबर मुसळीनं ठेचायची. त्याचा ठक ठक आवाज आणि मिरचीचा खकाणा एकदमच यायचा, आणि सगळे एकदमच खोकायचे. मग केळीच्या पानावर भरीत, कांद्याची पात, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. मी मोठमोठ्या लग्नांतली जेवणं जेवले आहे, फोटो काढता काढता बहुतेक उभ्यानंच. पण बोटांना दुसऱ्या दिवशीपर्यंत धुराचा वास राहणारं ते जेवण वेगळं. हे सांगताना मी जरा भावुक होते, त्याला इलाज नाही.

मागच्या वर्षी पोळ्याच्या सुमाराला नाना बांधावरून घसरले. खुब्याचं हाड मोडलं. तिथूनच त्यांना झोळीत घालून गाडीत आणि गाडीतून थेट धुळ्याला नेलं. ऑपरेशन झालं, टाके सुकले, आणि मंगलताईच्या, म्हणजे त्यांच्या लेकीच्या घरी, देवपुरात, ते पडून राहिले. डॉक्टर म्हणाले, हाड जुळलंय, आता वॉकर धरून चाललं पाहिजे. नाही चाललात तर पाय कायमचे जातील. वॉकर आला. तो पलंगाशेजारी उभा राहिला, आणि मंगलताई त्यावर टॉवेल वाळत घालायला लागली. नाना पाय खाली सोडायलाच तयार नव्हते. ओरडणं नाही, रागावणं नाही. ज्या माणसानं आयुष्यभर सगळ्यांना कामाला लावलं तो एकच वाक्य बोलायचा. "आते कोठे जानं शे माले?" आता मला जायचंय कुठे. सोबत राहिलेली मामी त्यांचं पांघरूण सारखं करायची.

हिवाळा लागला तशी मी भेटायला गेले. निघताना नाना म्हणाले, "औंदा भरीत व्हयनं का?" मी म्हटलं, तुमच्याशिवाय कसं होणार? तर म्हणाले, "करा. नि तुना तो गोल फोटो काढ. माले बठ्ठं देखनं शे."

बठ्ठं. आमच्याकडे 'सगळं' म्हणायचं तर बठ्ठं. पण मला नेहमी वाटतं, बठ्ठं हे सगळ्यापेक्षा जास्त असतं. सगळं म्हटलं की काहीतरी राहून गेलेलं चालतं. बठ्ठं म्हटलं की विहिरीतलं कासव आणि निंबावरचा मुंगळासुद्धा आला पाहिजे.

म्हणून नानांशिवाय भरीत झालं. मामी सकाळच्या एसटीनं धुळ्याहून आली. जाळाजवळ नानांच्या जागेवर तिनं गोणपाट टाकलं, आणि झोपडीतून नानांच्या चपला आणून त्यावर ठेवल्या. पडले त्या दिवशी त्या बांधावरच राहिल्या होत्या, नंतर कोणीतरी उचलून झोपडीत ठेवल्या. कोणीतरी म्हणालं, जेवणाच्या ठिकाणी चपला कशाला? मामी म्हणाली, "त्यास्नी जागा शे. कोनी बसानं नही." मी ट्रायपॉड तिथेच, चपलांच्या वर रोवला. नानांना जिथून दिसलं असतं तिथूनच दिसायला हवं होतं.

पहिला फेरा घेतला तो साफ वाया गेला. आमच्या लोकांना फोटो म्हणजे एकच कळतं, कॅमेऱ्याचं तोंड जिकडे, तिकडे आपण. मी कॅमेरा विहिरीकडे वळवला की सगळं खानदान धावत विहिरीकडे. कपाशीकडे वळवला की कपाशीकडे. भूषण, नानांचा मुलगा, अंगानं भारी, पण धावण्यात सगळ्यांच्या पुढे. "ताई, आते इकडे का?" असं विचारत तो पळाला आणि ट्रायपॉडला अडखळला. मी कॅमेरा कसाबसा पकडला. मग मात्र चिडले. सगळ्यांना आपापल्या जागी बसवलं आणि बजावलं, आता कोणी हलायचं नाही, बोलायचंही नाही. दुसऱ्या फेऱ्यात सगळे इतके शहाण्यासारखे बसले, की वाटावं दहाव्याला आलेत.

रफिकभाईंनी आधी चुकून पहिला फेरा शिवला. खुर्चीतल्या खुर्चीत हसून बेजार. "ताई, ये क्या है? जिकडे बघावं तिकडे भूषणभाई!" मग दुसरा शिवला. सुंदर झाला. नुसता धूर थोडा तुटला. धूर काही एका जागी थांबत नाही, तो शिवता येत नाही, हे रफिकभाईंनाही मान्य आहे. मी चेहरे तपासले, विहीर तपासली, निंब तपासला. रविवारी टॅब पिशवीत टाकून पारोळ्यावरून धुळ्याला गेले.

हा गोल फोटो टॅबवर बोटानंही फिरतो. मी ते नानांना मुद्दाम सांगितलं नाही. म्हटलं, टॅब धरून तुम्ही वळाल तसं दिसेल. पलंगावर पडल्या पडल्या त्यांना समोरची कपाशी दिसली. डावीकडे मामी बडगी घेऊन. उजवीकडे भूषण पोट आवरून बसलेला. "हाऊ कसाले श्वास रोकीसन बठना?" नाना म्हणाले, आणि कितीतरी दिवसांनी त्यांच्या तोंडावर हसू दिसलं. मग म्हणाले, "विहीर कोठे शे?" विहीर पाठीमागे होती. त्यांनी मान वळवली, पुरली नाही. खांदा वळवला, पुरला नाही. मग एका हातानं पलंगाची कड धरून ते उठायला लागले. मंगलताई पुढे झाली तर मामीनं तिला डोळ्यांनीच थांबवलं. नाना उठून बसले. आणखी वळले. पाय पलंगाखाली सुटले. त्यांना त्याचं भानही नव्हतं, ते विहिरीवरची मोटर बघत होते. आम्ही तिघी एकमेकींकडे न बघता उभ्या होतो.

मग त्यांनी खाली बघितलं.

या फोटोत खाली बघायचं तर टॅब आपल्याच पायांकडे झुकवावा लागतो. नानांनी तो झुकवला. जिथे त्यांचे पाय होते तिथे पडद्यावर नुसती माती होती. सारखी, साफ केलेली. गोणपाट नाही, चपला नाहीत. त्यांनी टॅब आणखी जवळ घेतला. म्हणाले, "मनी जागा बुजी टाकी." बुजवून टाकली. एवढंच. टॅब उशीवर ठेवला, दोन्ही हातांनी एकेक पाय उचलून वर घेतला, आणि भिंतीकडे तोंड केलं.

मामीचा चेहरा मला बघवेना. मी गॅलरीत जाऊन रफिकभाईंना फोन लावला. ते म्हणाले, "हां, खाली कोणाच्या तरी चपला राहून गेल्या होत्या ना? काढून टाकल्या मी. पोतं पण. कळतसुद्धा नाही बघा." त्या आवाजात नेहमीचा अभिमान होता. कोणाच्या होत्या ते मी सांगितलं, तेव्हा पलीकडे खुर्ची पुढे ओढल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, "फोन ठेवा ताई. खालचा टाका उसवतो."

चहा होऊन निवला तोवर दुसरा फोटो आला. नाना बघायला तयार नव्हते. मामीनंच टॅब त्यांच्यासमोर, पायांच्या दिशेला धरला. म्हणाली, "देखा तरी." नानांनी अर्ध्या डोळ्यानं बघितलं. गोणपाट होतं. गोणपाटावर चपला होत्या. त्यांचीच ती टाचेला झिजलेली जोडी, एका अंगठ्याला तार बांधलेली.

"मन्या चपला," नाना म्हणाले. "तठेच शेत?"

"मंग कोठे जातीन?" मामी म्हणाली.

नाना आता पूर्ण वळले. टॅब नाकाजवळ नेला. आणि एकदम जुन्या आवाजात ओरडले, "हाई उलटी कोनी करी?"

खरंच, डावी चप्पल उलटी पडली होती. भूषण अडखळला होता तेव्हाच पडली असणार, आमचं कोणाचं लक्षच नव्हतं. आता उलटी चप्पल म्हणजे घरात भांडण. आमच्याकडे दारात कोणाची चप्पल उलटी दिसली तर शत्रूचीसुद्धा लोक पायानं सुलटी करून पुढे जातात. नानांनी पडद्यावर बोट ठेवलं आणि चप्पल सुलटवायला गेले. बोटासरशी अख्खा मळा फिरला, चप्पल काही सुलटी झाली नाही. पुन्हा बोट ठेवलं, तर आभाळ आलं.

"नाना," मी म्हटलं, "ती फोटोमा शे. तठे जाईसनच सुलटी करनी पडी."

"भूषणले फोन लाव. म्हना, सुलटी कर."

मामीनं फोन लावला. आमच्यासमोर, मोठ्यानं, भूषणला म्हणाली, "त्या चपलास्ले कोनी हात लावाना नही." आणि फोन ठेवून दिला. मामीनं नानांपुढे असं धाडस केलेलं मी तरी कधी पाहिलं नव्हतं. ती म्हणाली, "तुमनी चप्पल शे. तुमीच करा."

आणि उलट्या चपलेनं भांडण होतं हे खरं ठरलं. नानांनी मामीशी बोलणं सोडलं. पण न बोलायचं म्हणजे पाणी मागता येत नाही, आणि मंगलताई दिवसा शाळेत शिकवायला. दोनतीन दिवसांनी मंगलताईचा फोन आला. रडत होती की हसत होती, कळेना. म्हणाली, "वॉकरवरचा टॉवेल नानांनी फेकून दिला. स्वतः माठापर्यंत गेले. परत येताना दारात मी दिसले तर म्हणाले, एवढ्या लवकर कशी आली, शाळा बुडवली काय?" त्यानंतर ते रोज चालायला लागले, रोज कुरकुरत. खोलीतून गॅलरीत, गॅलरीतून गेटपर्यंत. भेटायला आलेल्या प्रत्येकाला सांगायचे की मळ्यात एक चप्पल उलटी पडली आहे आणि बायकोला त्याचं काही नाही.

ते मळ्यात आले तेव्हा हंगाम सरत आला होता. कपाशी उपटलेली, उन्हात जरा कडकपणा, वांग्याच्या झाडांवर शेवटची वांगी. मामी आदल्या दिवशीच येऊन थांबली होती. भूषणच्या मोबाइलवर तो फोटो बघून बघून तिनं गोणपाट आणि चपला हुबेहूब तशाच मांडल्या. डावी उलटी. गाडीतून उतरल्यावर ढेकळांतून वॉकर नेणं सोपं नव्हतं. भूषण बाजूनं चालत "धरू का? धरू का?" करत होता आणि नाना "सरक तिकडे" म्हणत होते. जागेवर पोचल्यावर त्यांनी आधी वॉकरच्या पायानं चप्पल ढोसली. मग अंगठ्यानं. ती पलटली. त्यांनी तिच्यात पाय घातला, मग दुसरीत, आणि मामीकडे बघून म्हणाले, "पानी दे." भांडण मिटलं.

खाली बसायची मनाई होती, म्हणून गोणपाटावर प्लास्टिकची खुर्ची ठेवली. खुर्चीत बसून भरीत भाजायचं म्हणजे काय, यावर नाना बराच वेळ बोलले. मग म्हणाले, "काढ आते." मी म्हटलं, नाना, मधोमध ट्रायपॉड लागतो, जरा बाजूला बसता का? ते म्हणाले, "मी आठेच बससु. तुनी तिपाई तिकडे लाव." तिपाई तिकडे लावली. अगदी खुर्चीला खेटून, धुरात, जिथे कोणताही शहाणा फोटोग्राफर लावणार नाही तिथे. सगळ्यांना बजावलं, हलायचं नाही, बोलायचं नाही. आणि कॅमेऱ्याच्या पाठीमागून गोल सरकत फेरा पूर्ण केला.

रफिकभाईंनी तो शिवायला घेतला आणि मला हाक मारली. "ताई, इकडे या. नाना दोनदा आलेत."

खरंच दोनदा आले होते. एका टाक्याच्या अलीकडे नाना खुर्चीत बसलेले. टाक्याच्या पलीकडे, दुसऱ्या तुकड्यात, नाना उभे. जाळावर वाकून, करपणारं वांगं ओढायला हात पुढे केलेला. वॉकर खुर्चीमागे तसाच उभा, त्याला कोणाचा हात नाही. मी त्या वेळी कॅमेऱ्याच्या पाठीमागे खाली पायांकडे बघत सरकत होते, मला दिसलं नव्हतं. बाकीचे माझ्या धाकानं लेन्सकडे टक लावून बसले होते. एकटी मामी कॅमेऱ्याकडे बघत नाही. ती नानांकडे बघते आहे. मी तिला फोन करून विचारलं, मामी, नाना वॉकरशिवाय उठले, आणि तू सांगितलंही नाहीस? ती म्हणाली, "तूच सांगेल व्हतं ना माय, कोनी हालानं नही, बोलानं नही."

रफिकभाईंना तो फोटो अजून सलतो. यंदा वांगी आली तशी नानांचीही बोलावणी आली आणि मी कॅमेऱ्याची बॅग पुसायला घेतली. तेवढ्यात रफिकभाई म्हणाले, "ताई, नवीन सॉफ्टवेअर आलंय. एका क्लिकमध्ये एक नाना निघतील, टाका दिसणार नाही. बोला, कोणते काढू?"

मी पडद्याकडे बघितलं. बसलेले नाना, उभे नाना, मधे तुटलेला धूर.

"दोन्ही राहू द्या," मी म्हटलं. "मागचा अख्खा हिवाळा आम्ही एका नानांना उभं करायला झटलो, रफिकभाई. या दोघांतले एक उभे आहेत."